लाल टोपण

पहाटे ५.१०

डिसेंबरची ड्युटी लिस्ट काल रात्री अर्धवट सोडून झोपले, ती जेवणाच्या टेबलावर तशीच पडलेली. चहाचं आधण ठेवताना पहिली नजर तिच्यावरच गेली. एकतीस रकाने, अकरा नावं, सगळं पेन्सिलीने. पेनने लिहिलेल्या ड्युटी लिस्टवर माझा विश्वास नाही. २४ तारखेची नाइट कोरी. २५ ची मॉर्निंग कोरी. आलं ठेचून आधणात टाकलं आणि लिस्ट उलटी करून ठेवली.

मी एका मिशन हॉस्पिटलात फिमेल मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक आमची आहे. मिरजेच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. या भागात मिशन हॉस्पिटल म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव येतं. त्यांचं मिरजेतलं हॉस्पिटल १८९४ चं, आणि वानलेसवाडी तर एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक. आमचं त्या मानाने लहान. पण लोकांची अपेक्षा तीच: मिशनचं आहे, म्हणजे माणसं प्रेमळ असणार, बिल कमी असणार. यातलं पहिलं आमच्या हातात आहे. दुसरं आता फारसं नाही.

आज चॅपलमध्ये बोलायची पाळी माझी. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला काढून ठेवला होता. चहा पिता पिता पुन्हा वाचला आणि पहिल्यांदाच एक गोष्ट लक्षात आली. ती चॅपलमध्ये सांगायची ठरवून साडी नेसले.

७.००

चॅपलची प्रार्थना पंधरा मिनिटांची. सक्ती नाही. पूर्वी होती, हजेरीपटावर सही व्हायची. मी नवी असताना नाइट करून आलेल्या मुली मागच्या बाकावर डोळे मिटून खरोखरच झोपलेल्या असत आणि पाळकसाहेबांना वाटे, काय ही भक्ती! सक्ती गेली तशी गर्दी गेली. आज नऊ माणसं होती, त्यांत दोन मामा आणि एक मावशी. मावशी ख्रिस्ती नाहीत. त्यांना गाणी आवडतात.

द्राक्षमळ्याचा दाखला आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव-मिरजेच्या बागांत मजुरांच्या टोळ्या उतरतात. कुठे विरळणी, कुठे घड बुडवायचं काम. सकाळी चौकात उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो टेम्पोत चढणार, उरलेले उन्हं चढेपर्यंत तिथेच. दाखल्यातला घरधनी पहाटे माणसं घेतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखीच. यावर प्रवचनं होतात ती कृपेवर. माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. मजुरी वाटायला त्याच्याकडे कारभारी आहे. म्हणजे नोकरचाकर होते. तरी माणसं बघायला तो चौकात स्वतः जातो, दिवसातून पाच वेळा. पाच वाजता उभ्या असलेल्यांना विचारतोही की तुम्ही दिवसभर असे का उभे? त्यांचं उत्तर त्याला घरी बसून कळलं नसतं.

एवढं बोलून मी खाली बसले. बाहेर पडताना ओपीडीचे मामा म्हणाले, “सिस्टर, ते समदं खरं. पण पहाटेपासून राबले त्यांच्या पोटात दुखलं त्याचं काय?”

“मामा, त्याला उत्तर असतं तर मी पाळक झाले असते.”

७.५०

नाइटची सिस्टर ओव्हर देत होती. बेड एकपासून सुरुवात, सगळ्या मिळून खाटेखाटेपाशी जायचं. रात्री चौतीस पेशंटना दोन सिस्टर. पहाटे बेड तीनची दम्याची बाई अचानक खालावली, दुसरी सिस्टर तिच्यापाशी अडकली. ओव्हर देणारी पोरगी एकटीच बाकीचा वॉर्ड सांभाळत होती, हे तिच्या केसांवरून दिसत होतं.

“बेड चौदा. डायबेटिस, पायाला जखम. सकाळची शुगर २१०. रेग्युलर इन्सुलिन १० युनिट साडेसातला दिलं.”

बेड चौदाच्या आजी बागेत मजुरी करणाऱ्या. पाटाच्या पाण्यात काम करून पायाला फोड आला, त्याची जखम झाली, मग घरच्यांना शुगर कळली. मी आजींच्या पायाची पट्टी बघायला वाकले आणि उठताना नजर ट्रॉलीवर गेली. इन्सुलिनची कुपी, आणि तिच्या शेजारी ट्रेमध्ये वापरलेल्या सिरिंजचं टोपण. लाल.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांनाही हे ठाऊक नसतं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एकात एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसऱ्यात १००. रेग्युलर असेल तर दोन्ही पाण्यासारखी नितळ, कुप्या करंगळीएवढ्या. म्हणून सिरिंजा वेगळ्या केल्या आहेत: ४० ला लाल टोपणाची, १०० ला नारिंगी. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीच्या हिशेबाने मारलेल्या. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिलिलिटर भरतं. कुपी ४० ची असेल तर ते १० युनिट. कुपी १०० ची असेल तर २५.

मी कुपी उचलून उजेडात धरली. १०० ची होती.

“कुठली सिरिंज घेतलीस?”

पोरीने टोपणाकडे पाहिलं. मग कुपीकडे. तिला सांगावं लागलं नाही.

पुढची पाच मिनिटं कुणी आवाज चढवला नाही. डॉक्टरांना फोन. त्यांनी सांगितलं: नाश्ता आत्ताच द्या, पोटभर, अर्ध्या अर्ध्या तासाने शुगर, शीर आत्ताच लावून ठेवा. मावशी किचनकडे धावल्या आणि दोन प्लेट उपमा घेऊन आल्या. आजी खूश. “आज लई लवकर?”

आणि मी फ्रीजपाशी गेले. ती कुपी मला ओळखीची वाटत होती. काल दुपारी आमच्या फार्मसीत ४० ची संपली, म्हणून आजींच्या मुलाला चिठ्ठी दिली. त्याने बाहेरून आणली ती १०० ची. लेबल मी वाचलं होतं. नारिंगी सिरिंजा स्टोअरमधून मागवते, असं मनात म्हटलंही होतं. तेवढ्यात एक सीरियस पेशंट आली आणि कुपी फ्रीजमध्ये गेली. ४० च्या जुन्या कुप्या ज्या डबीत असतात, त्याच डबीत. ठेवणारा हात माझा.

९.४०

साडेआठला १४१. नऊला ८८. नऊ चाळीसला आजी म्हणाल्या, “जीव घाबरा होतोय गं.” कपाळावर घामाचे थेंब, पदर ओला. पट्टीवर ५४.

शीर तयार होतीच. २५ टक्के डेक्स्ट्रोज हळूहळू शिरेतून, मग १० टक्क्यांची बॉटल. दहा मिनिटांत आजींनी डोळे नीट उघडले आणि वॉर्डात एवढी गर्दी का जमली ते विचारलं. नाइटची पोरगी अजून घरी गेली नव्हती. खिडकीपाशी, युनिफॉर्ममध्येच, भिंतीला टेकून उभी. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं.

१०.३०

राउंड झाला, डॉक्टरांनी केसपेपरवर सगळं लिहिलं. राहिला मुलगा.

नातेवाइकांना काय सांगायचं, यावर आमच्या धंद्यात ठरलेली भाषा आहे. “शुगर थोडी कमी झाली होती, आता स्टेबल आहे.” यात खोटं एकही अक्षर नाही. मी स्वतः ही भाषा पुष्कळ वर्षं वापरली आहे आणि त्या रात्री मला झोपही लागली आहे. कधीपासून वापरेनाशी झाले ते सांगता येणार नाही. सद्‌बुद्धी एका दिवसात आली असं काही नाही. वय वाढलं, एवढंच असेल.

मुलगा टेम्पो चालवतो, बागेतला माल वाहतो. त्याला ड्युटी रूममध्ये बसवलं, दार उघडं ठेवलं.

“दादा, तुमच्या आईला सकाळी इन्सुलिन जास्त गेलं. दहाच्या जागी पंचवीस. चूक आमची. वेळेत कळलं, उपाय केला, आता त्या बऱ्या आहेत. दिवसभर आम्ही लक्ष ठेवतोय.”

तो काही वेळ नुसता बघत राहिला. मग उभा राहिला. “म्हणजे मारायलाच निघाला होता काय? कुणी दिलं? नाव सांगा.”

“वॉर्ड माझा आहे. माझं नाव लिहून घ्या.”

हे वाचणाऱ्याला सिनेमातला प्रसंग वाटेल. तसं काही नव्हतं. तोंड कोरडं पडलं होतं, डाव्या गुडघ्याला कापरं भरलं होतं, आणि मनात चाललं होतं की हा आता मोबाइल काढून शूटिंग करणार. त्याने मोबाइल काढला. भावाला फोन लावला, मोठ्याने सगळं सांगितलं, कॉरिडॉरभर ऐकू गेलं. फोन ठेवल्यावर विचारलं, “आन् ह्ये सलाईनबिलाईन बिलात धरणार का?”

“धरू नये असं मला वाटतं. मला अधिकार नाही. विचारून सांगते.”

मग आम्ही दोघं आजींकडे गेलो. आजींनी मुलाला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं की इथे चहा बिनसाखरेचा देतात, आज तेवढा गोड मिळाला तर बघ.

११.१५

इन्सिडंट रिपोर्टचा फॉर्म दोन पानी आहे. घटना, वेळ, पेशंटची स्थिती, केलेले उपाय, संभाव्य कारण, सह्या. मी फॉर्म काढला तशी पोरगी खिडकीपासून आत आली. चोवीस वर्षांची. आमच्याच मंडळीतली. रविवारी क्वायरमध्ये पहिल्या रांगेत असते. तिची आई आणि मी एकाच बोर्डिंगात वाढलो.

“सिस्टर, आजी बऱ्या आहेत ना? मग लिहू नका ना. माफ करा एवढी वेळ.” आणि मग, आवाज खाली नेऊन, “आपल्यात माफ करतात ना.”

आपल्यात. हा शब्द मिशनच्या आवारात फार फिरतो. आपल्यातली मुलगी, आपल्यातला ड्रायव्हर, आपल्यातल्याला क्वार्टर. महाराष्ट्रात आम्ही मूठभर. मूठभरांनी एकमेकांना धरून राहावं यात गैर काही नाही. पण मागच्या वर्षी याच वॉर्डात दुसऱ्या एका सिस्टरकडून अँटिबायोटिकचा डोस चुकला होता. पेशंटला काहीही झालं नव्हतं. मी रिपोर्ट लिहिला होता. ती आपल्यातली नव्हती. आणि आज ती तिथेच होती, मॉर्निंगला, औषधांच्या ट्रॉलीपाशी गोळ्या मोजत. आमच्याकडे पाठ करून. दहा गोळ्यांची एक पट्टी माणूस किती वेळ मोजतं?

मी पोरीला बसवलं. तिला जे सांगितलं ते मला आधीपासून येत होतं असं नाही. बोलता बोलता सुचलं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत क्षमेसाठी जो शब्द म्हणतो तो ऋणाचा आहे. सोडायचं ते ऋण. सावकाराला कर्ज सोडायचं असेल तरी ते आधी वहीत असायला लागतं. वहीत लिहिलेलंच नसेल तर तो सोडणार काय? मी तुला माफ केलंय ते सकाळी आठलाच, आणि त्याचा या फॉर्मशी संबंध नाही. हा फॉर्म उद्या ज्या पोरीच्या हातात ही कुपी येईल तिच्यासाठी आहे.

पोरीला हे पटलं की नाही, सांगता येत नाही. ती रडत होती आणि रडणाऱ्या माणसाला सावकाराची उपमा देऊ नये, हे मला नंतर कळलं.

‘संभाव्य कारण’ या रकान्यात मी पहिली ओळ माझी लिहिली: १०० ची कुपी ४० च्या डबीत इनचार्जने ठेवली, नारिंगी सिरिंज मागवली नाही, नाइटला तोंडी सांगितलं नाही. दुसरी ओळ तिची: कुपीचं लेबल व सिरिंज ताडून पाहिलं नाही. तिसरी: इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचा नियम आहे, दुसरी सिस्टर सीरियस पेशंटपाशी होती. मग पेन तिच्याकडे दिलं. सही करताना तिने स्वतःचं आडनाव चुकवलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“सिस्टर, आज रात्री येऊ का?”

“घरी जा. जेव, झोप. दुपारी कळवते.”

ती गेल्यावर ट्रॉलीवरची सिस्टर वळली. “सिस्टर, त्या डबीवर मी लेबल लावू का? नारिंगी टेप आहे आपल्याकडे.” बाकी काही बोलली नाही. मीही नाही.

१२.४०

हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये रिपोर्ट घेऊन गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. चर्चचे वडील आहेत, हिशेबाला चोख. त्यांना झोप न येण्याची कारणं माझ्याहून जास्त आहेत: परदेशातून येणारा पैसा कधीच आटला, सरकारी योजनेची बिलं अडकलेली, आणि समोर नवं चकचकीत हॉस्पिटल उभं राहिलंय.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढला. “लिहिलंत ते ठीक. पण हे पहिलं वाक्य कशाला? इनचार्जचंच नाव आलं की ऑडिटवाले वॉर्डच धरतात. ते काढा. आणि त्या मुलीला आठवडाभर घरी बसवा, म्हणजे नातेवाइकांनाही दिसेल की आपण काहीतरी केलं.”

काहीतरी केलं. ते दिसेल हे खरं. दोन पर्याय माझ्या डोक्यात होते आणि दोन्हींना पवित्र शास्त्रात आधार सापडला असता. शास्त्राची ही एक अडचण आहे. मी आधार न शोधता माणसं मोजली. आठवडाभर तिला बसवलं तर तिच्या नाइट कोण करणार? जी करील तिची डबल होणार. डबल ड्युटी केलेल्या बाईच्या हातात पुन्हा इन्सुलिन. आणि माझं वाक्य काढलं तर कुपी त्या डबीत आपोआप गेली असं होतं.

“वाक्य राहू दे, साहेब. खरं तर आणखी एक घालायचं राहिलंय, नाइटला तिसरी सिस्टर हवी म्हणून.”

ते हसले. तिसऱ्या सिस्टरची मागणी त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की त्यांना ती माझी प्रार्थना वाटत असावी. “मुलीचं तुम्ही ठरवा. पण जे ठरवाल ते लिहून द्या, सहीनिशी.” बिलातून डेक्स्ट्रोज, सलाईन आणि दिवसभराच्या पट्ट्या कमी करायला मात्र एका वाक्यात हो म्हणाले. मी उठता उठता म्हणाले, नातेवाइकांना खरं सांगितलंय. त्यांनी डोळे मिटले. प्रार्थना करत होते की काय कोण जाणे.

१.४५

डबा. भाकरी, मेथी, काल रात्रीची सुकटीची चटणी. खाताना ड्युटी रूममध्ये विषय निघाला तो गेल्या महिन्यातल्या शिबिराचा. पुढाऱ्यांसाठी शिबिर होतं, म्हणजे आमच्यासारख्या इनचार्ज, क्लार्क, सुपरवायझर. पाहुणे लॅपटॉप घेऊन आले होते. सेवक-नेतृत्व हा विषय. माणूस बोलला चांगला. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत सारी नोकरी केलेले. त्यांनी १९७० साली एक निबंध लिहिला, की जो आधी सेवक होतो तोच पुढे नेता होतो. त्यावरून जगभर पुस्तकं, कोर्स, शिबिरं. मला तेव्हाच वाटलं होतं की १९७० म्हणजे तेच साल, ज्या साली वेल्लोरला शिकलेलं डॉक्टर जोडपं, रजनीकांत आणि मेबल आरोळे, जामखेडला जाऊन बसलं. दुष्काळी भाग, हाताशी ना सिस्टर ना दवाखाने. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांतल्या पुष्कळशा अक्षरशत्रू, आणि त्यांना बाळंतपण, ताप, जुलाब, कुपोषण यांचं शिक्षण दिलं. नुसत्या मदतनीस म्हणून नव्हे. गावाच्या आरोग्याची धुरा त्यांच्याकडे. डॉक्टरने आपल्या हातातली विद्या अशी खाली ठेवायची म्हणजे काय, हे डॉक्टरांबरोबर काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. १९७९ साली मॅगसेसे मिळालं. पाहुण्यांच्या स्लाइडमध्ये जामखेड नव्हतं. नगर जिल्हा राहिला, टेलिफोन कंपनी आली.

शिबिराच्या शेवटी प्रतीक म्हणून एका अधिकाऱ्याने सफाईच्या मावशींचे पाय धुतले, योहानाच्या तेराव्या अध्यायातल्यासारखे. गुलाबपाणी, नवा टॉवेल, फोटो. मावशी कंत्राटी. पाय पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “साहेब, पगार कधी हुतोय?” कंत्राटदाराने दोन महिने थकवले होते. फोटोत तो प्रश्न आलेला नाही. पगार पुढच्या आठवड्यात झाला, पाय धुतले म्हणून की मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं म्हणून, यावर आमच्यात दोन तट आहेत.

२.००

ओव्हर. ईव्हिनिंगच्या मुलींना दोन्ही कुप्या, दोन्ही टोपणं हातात देऊन दाखवली. आजींची शुगर १४८.

३.३०

ड्युटी लिस्ट बॅगेतून काढली.

मी इनचार्ज झाले त्या पहिल्या वर्षी ख्रिस्ती मुलींना रविवारच्या मॉर्निंगचा ऑफ आपसूक लावत असे. उपासनेला जायचं, त्यात विचारायचं काय? चार महिने कुणी काही बोललं नाही. पाचव्या महिन्यात एक सिस्टर म्हणाली, “सिस्टर, मी मंगळवारी देवीला जाते, ते मी ड्युटी संपल्यावर जाते. रविवारी आठवड्याची धुणीभांडी, पोरं घरी, नवरा घरी, आणि मी दर रविवारी इथं.” ती भांडत नव्हती. म्हणून जास्त लागलं. मी चार महिने तिच्या रविवारांवर माझी भक्ती करत होते.

आता पद्धत अशी: वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकीने सुट्टी हवीच असा एक दिवस लिहून द्यायचा. कारण विचारायचं नाही. एकीची ईद असते, तिघींचा दिवाळीतला पाडवा किंवा भाऊबीज, एकीचा ६ डिसेंबर, ती आदल्या रात्रीच दादरला निघते. एकीने लेकीचा वाढदिवस लिहिला आहे. आणि ख्रिस्ती पाचजणी, पाचहीजणी २५ डिसेंबर. नाताळ एकच आणि माणसं पाच. दिवाळीत ज्यांना सुट्टी मिळाली त्या नाताळ उचलतात, हे ठरलेलं. पण तरी २४ च्या नाइटला एक जागा उरते, आणि त्या रात्री चर्चमध्ये बाराची उपासना, पोरांची नाटुकली, सगळं.

साडेतीनला ती ट्रॉलीवरची सिस्टर घरी जाताना ड्युटी रूमच्या दारात थांबली. “सिस्टर, २४ च्या नाइटला एक नाव माझं घाला.”

“आणि?”

“आणि संक्रांतीला तीन दिवस. सासरी हळदीकुंकू आहे.”

तीन दिवस सलग म्हणजे जरा जास्तच. मी दोन म्हटलं. ती अडीचवर आली. अर्धा दिवस ड्युटी लिस्टमध्ये कसा बसवायचा हे मला तीस वर्षांत जमलेलं नाही, म्हणून तीन झाले.

दुसरं नाव आपल्यातलं असणार, हे मी तिच्यासमोरच ठरवून टाकलं. कुणाचं, ते उद्या चिठ्ठ्या टाकून. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं तेही चिठ्ठ्या टाकूनच. त्यांनीही आधी प्रार्थना केली होती, पण शेवटी चिठ्ठीच. चिठ्ठ्यांत माझंही नाव घालते. इनचार्जला नाइट लागत नाही, पण चिठ्ठी निघालीच तर बघू.

५.१५

निघताना बेड नऊने हाक मारली. बेडपॅन हवा होता. कंत्राटदाराने आज एक मावशी कमी पाठवली, आहे ती एकटी एक्स-रेला पेशंट घेऊन गेलेली. मी पर्स खुर्चीवर ठेवली, पडदा ओढला.

माझी आई याच कामात होती, दुसऱ्या एका मिशन हॉस्पिटलात आया. त्या काळी बऱ्या घरच्या मुली या कामाकडे फिरकत नसत. दुसऱ्याचं मलमूत्र काढायचं म्हणजे कुणी आणि का करायचं, हे जन्मानेच ठरलेलं होतं, आणि आमच्या लोकांचा जन्म त्या बाजूचा. मिशनमध्ये त्याच कामाला सेवा म्हणू लागले. आई म्हणायची, “नाव चांगलं दिलं, वास तोच.” ती ते काम फार नीट करायची. भांडं गरम पाण्याने विसळून, कोरडं करून मगच पेशंटखाली द्यायची, थंड लोखंडाने बाई दचकते म्हणून. आता प्लास्टिकचे असतात. तरी मी गरम पाणी घेतेच.

बेड चौदाच्या आजींनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. “मोठ्या बाई, तुम्ही?”

“आजी, झोपा. साडेपाचला शुगर बघायचीय.”

साहेबांनी मागितलेला कागद मी जाता जाता त्यांच्या टेबलावर ठेवला. दोन ओळींचा, सहीनिशी. बसस्टॉपवरून पोरीला फोन केला. तिच्या आईने उचलला. झोपलीय म्हणाली, जेवली नाही म्हणाली. मी निरोप ठेवला.

९.२०

भांडी घासून ओट्यावर पालथी घातली होती तेव्हा फोन वाजला. वॉर्डचा नंबर. वॉर्डातून या वेळी फोन आला की छातीत पहिला ठोका चुकतोच.

“सिस्टर, मी बोलतेय. बेड चौदा, शुगर १७२. रात्रीचं इन्सुलिन डॉक्टरांनी निम्मं केलंय. नारिंगी टोपण. आम्ही दोघींनी बघितलं, दोघींनी सही केली.”

“जेवलीस?”

“डबा आणलाय.” मागे कुणाची तरी सलाईनची बॉटल संपत आल्याची हाक ऐकू आली. ती फोनवर हात ठेवून “आले, आले” म्हणाली. मग पुन्हा फोनवर. “सिस्टर, उद्याची नाइट पण मलाच आहे ना?”

मी लिस्टकडे पाहिलं. नोव्हेंबरची फ्रीजवर चिकटवलेली असते.

“उद्या, परवा आणि तेरवा. मग ऑफ.”